जुना बेंच व्हाइस दुरुस्त करायचाय? मग रंगाचा डबा आधी बाजूला ठेवा

भंगारातून, कुणाच्या माळ्यावरून किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना बेंच व्हाइस (टेबलावर बसवायचं, वस्तू घट्ट पकडून ठेवणारं अवजार) हाती आला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी ग्राइंडरला वायर ब्रश लावून तो चकाचक करतात, मस्त निळा रंग मारतात आणि टेबलावर बसवून मोकळे होतात. मग पहिला जॉब, म्हणजे काम करायची वस्तू, पकडला की कळतं, वरच्या कडेला पकडच नाहीये, जॉ (पकडणारा जबडा) तिरका होतोय आणि जरा जोर लावला की खालचा बेस गरकन फिरतोय. वरून नवरदेव, आतून तोच खुळखुळा.

म्हणून आधीच सांगतो, व्हाइस चांगला की वाईट हे दोनच गोष्टींवरून ठरतं, जॉ सरळ मिटतात का आणि तो टेबलाला पक्का बसलाय का. बाकी सगळं नंतर. आणि ज्या गोष्टीला नवीन माणूस सगळ्यात जास्त घाबरतो ना, ती हँडल फिरवताना लागणारी ढिलाई, ते बऱ्याचदा दुखणंच नसतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

१. खोलायच्या आधी नीट बघून घ्या

व्हाइसची बॉडी बहुतेक वेळा बिडाची असते. बीड दाब मस्त सहन करतं पण ताण आणि फटका सहन करत नाही, वाकत नाही, सरळ तडकतं. त्यामुळे पहिलं काम तडे शोधणं. तडे कुठे जातात तर जॉच्या मुळाशी जिथे उभा भाग आडव्याला मिळतो तिथे, स्लाइड, म्हणजे पुढच्या जॉची मागे जाणारी जाड दांडी, ज्या चौकोनी बोगद्यात जाते त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात, आणि बेसच्या बोल्टच्या कानांजवळ. संशय आला तर ती जागा पुसून तिथे रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, फडक्याने एकदम कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर काळपट ओली रेघ उमटते. सुटा भाग दोरीला टांगून हलक्या हातोडीने वाजवूनही कळतं, धड भाग थोडा तरी वाजतो, तडकलेला नुसता थप्प करतो.

बेसचा कान तुटलाय? चालेल, तो जोडता येतो किंवा क्लॅम्प लावून भागवता येतं. जॉच्या मुळाशी किंवा स्लाइडला आरपार तडा आहे? सोडून द्या. निकेलच्या रॉडने बिडाचं वेल्डिंग होतं, ब्रेझिंगही (पितळेने सांधणं) होतं, पण त्याला आधी भाग गरम करणं, नंतर कोरड्या वाळूत किंवा चुन्यात हळूहळू थंड करणं असा सगळा सोहळा लागतो आणि एवढं करून तो सांधा नेमका सगळ्यात जास्त ताणाच्या जागी येतो. घरच्या घरी मी तरी कुणाला हे सुचवणार नाही.

हँडल वाकलंय, जॉ प्लेट (जॉच्या तोंडावर बसवलेल्या पट्ट्या) गेल्यात, सगळीकडे गंज आहे, पेच जाम आहेत, यातल्या कशालाच घाबरू नका.

२. काय काय लागेल

- वायर ब्रश (हाताचा आणि ग्राइंडरचा), पॉलिश पेपर १२० आणि २४० नंबर
- सपाट कानस, एक मऊ आणि एक खरबरीत
- हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकला की फिरतो तो
- गंज सोडवणारं तेल, रॉकेल, ग्रीस, साधं मशीन ऑइल
- गुण्या, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), शक्यतो व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन)
- फट भरायला पितळी किंवा स्टीलची पातळ शिम पट्टी
- वॉशर, स्प्लिट पिना, नवे काउंटरसंक पेच (डोकं भोकात आत बसणारे)
- डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल, हातमोजे, मास्क

गॉगल मी उगाच लिहिला नाहीये. ग्राइंडरवरच्या वायर ब्रशच्या तारा सुटतात आणि सुईसारख्या उडतात, साध्या चष्म्याच्या बाजूने आत जातात. मास्कचं कारण वेगळं, जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो रंग कोरडा घासून त्याची धूळ करू नका, पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडा आणि तो चोथा कागदात गुंडाळून वेगळा ठेवा.

३. खोलणे

प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढत चला, विशेषतः स्पिंडलच्या (हँडलने फिरणाऱ्या आटेदार दांड्याच्या) वॉशर-स्प्रिंगचा क्रम, कारण चार दिवसांनी तो कुणालाच आठवत नाही.

हँडल उलटं फिरवत राहा म्हणजे पुढचा जॉ बाहेर येत जाईल. शेवटी स्पिंडल नटमधून सुटतो आणि पुढचा जॉ एकदम मोकळा होतो. सहा इंची व्हाइसचा नुसता पुढचा भागसुद्धा चांगला जड असतो, तो पायावर पडला तर दुरुस्ती दुसऱ्याच गोष्टीची करावी लागेल, तर एक हात खाली धरा किंवा खाली लाकडी ठोकळा सरकवून ठेवा.

आता स्पिंडल पुढच्या जॉमधून काढायचा. जॉच्या आतल्या बाजूने बघितलं की स्पिंडलवर एक वॉशर, कदाचित स्प्रिंग आणि त्यामागे स्प्लिट पिन दिसेल, किंवा कॉलर (दांड्यावरची कडी) आणि त्यात छोटा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा पेच) किंवा पिन असेल. ग्रीस आणि मळाच्या थराखाली हे दडलेलं असतं, आधी खरवडा, दिसल्याशिवाय ठोकू नका. नट बॉडीच्या आत असतो आणि बहुतेक वेळा खालून एका बोल्टने धरलेला असतो, काहींमध्ये नुसता खाचेत बसवलेला असतो.

जॉ प्लेटचे पेच हा खरा परीक्षेचा भाग. त्यांच्या खाचेत वर्षानुवर्षांचा लोखंडी चुरा गंजून दगड झालेला असतो. जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने खाच पार तळापर्यंत साफ करा, तेल टाका, रात्रभर राहू द्या, मग खाचेत अगदी फिट बसणारं बिट लावून इम्पॅक्ट ड्रायव्हर. आधी घट्ट करायच्या दिशेने एक हलका ठोका द्या, मग सैल करायच्या. घट्ट दिशेला जरासा हलला तरी गंजाचा जोड तुटतो आणि मग तो ऐकतो. बिट सैल बसतंय तसंच ठोकलं तर खाच गोल होते आणि मग ड्रिल मारून डोकं उडवण्याशिवाय पर्याय राहत नाही. पेच दिसतच नसतील तर प्लेटच्या कडेला किंवा वरच्या बाजूला पिना आहेत का बघा, काही जुन्या व्हाइसमध्ये तसं असतं.

बिडावर एकाच ठिकाणी गॅसची ज्योत धरू नका. पेचाच्या डोक्याला थोडी ऊब दिली तर ठीक, पण बॉडीचा एक कोपरा लाल आणि बाकी गार असं झालं की तडा गेलाच म्हणून समजा.

४. गंज काढणे

मोठी बॉडी असेल तर मला इलेक्ट्रोलिसिस सगळ्यात आवडतं, कारण ते गंज खातं, लोखंड नाही. प्लास्टिकचं टब, चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जरची निगेटिव्ह तार व्हाइसच्या भागाला आणि पॉझिटिव्ह तार साध्या लोखंडी पट्टीला, दोघं एकमेकांना टेकता कामा नयेत. तारा उलट लावल्या तर गंज जायच्या ऐवजी तुमचा व्हाइसच विरघळायला लागेल. पॉझिटिव्ह पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील चुकूनही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. गॅल्वनाइज्ड पत्राही नको. हायड्रोजन वायू सुटतो त्यामुळे उघड्या हवेत करा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी नको. गंज मुख्यतः पट्टीच्या समोरच्या बाजूचा निघतो म्हणून मधूनमधून भाग फिरवत राहा. हल्लीचे काही ऑटोमॅटिक चार्जर खरी बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, मग साधा जुना चार्जर शोधा.

छोटे भाग साध्या व्हिनेगरमध्ये एक रात्र ठेवले तरी गंज सुटतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच कोरडे करा आणि तेल लावा. "जरा चहा घेऊन येतो" म्हणालात की परत येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक आलेली असते.

स्प्रिंग आणि कडक केलेल्या जॉ प्लेट मात्र दोन्ही पद्धतींपासून लांब ठेवा, कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. त्यांना हाताचा वायर ब्रश आणि रॉकेल बास.

अजून एक, वायर ब्रश मारताना बॉडीवरून पोपडे निघायला लागले तर बॉडी फुटतेय असं समजून दचकू नका. कारखान्यातच ओतीव भागाचा खडबडीतपणा झाकायला फिलर भरलेलं असतं, ते निघत असतं.

५. हँडलची ढिलाई: कधी सोडायची, कधी धरायची

हँडल घट्ट करून उलट फिरवलं की थोडा वेळ काहीच होत नाही, मग जॉ हलायला लागतो. ही ढिलाई दोन ठिकाणी असते. एक, स्पिंडल आणि नटच्या आट्यांमध्ये. दोन, स्पिंडलची कॉलर आणि पुढच्या जॉमध्ये.

जॉब पकडताना स्पिंडल सतत एकाच बाजूला ओढत असतो, त्यामुळे आटे एका बाजूला घट्ट टेकलेले असतात आणि ती ढिलाई पकडीत कुठेच येत नाही. पकड कमी होत नाही, फक्त उघडताना हँडल थोडं जास्त फिरवावं लागतं. म्हणून पाव फेऱ्याच्या ढिलाईसाठी नवीन स्पिंडल करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासायचं काय तर आट्यांची जाडी. स्पिंडलचा मधला भाग रोज वापरला जातो आणि काही भाग फक्त जॉ पूर्ण उघडला तरच नटमध्ये येतो, तिथले आटे जवळजवळ नव्यासारखे असतात. मधला आटा आणि हा कोरा आटा शेजारी शेजारी व्हर्निअरने मोजा. चौरस आट्याचा माथा अजून सपाट असेल तर निवांत राहा. माथा निमुळता होऊन सुरीच्या धारेसारखा झालाय किंवा जाडी निम्म्यावर आलीय तर मात्र बदला, कारण असा आटा एक दिवस जोर लावताना सरकतो. बहुतेक वेळा नट आधी झिजतो आणि नुसता नट लेथवाल्याकडून करून घेणं सोपं पडतं. त्याच्याकडे जाताना स्पिंडल बरोबरच न्या, नुसती मापं सांगून काम होत नाही.

कॉलरकडची ढिलाई काढणं तर पाच मिनिटांचं काम, योग्य जाडीचा एक वॉशर आत टाका. हाताने सहज फिरेल इतकी फट ठेवा, अगदी शून्य केलं तर हँडल जड फिरेल.

६. स्लाइड, खरं दुखणं इथे आहे

जॉब वरच्या कडेला पकडलेला असतो आणि स्पिंडल ओढतो खालून. म्हणजे पुढच्या जॉचं डोकं बाहेर कलायला बघतं, स्लाइडची मागची टोकं वर उचलली जातात आणि बोगद्याच्या तोंडाशी स्लाइड खाली दाबली जाते. वर्षानुवर्षं हे झालं की बोगद्याच्या तोंडाशी खालची बाजू आणि आत मागे वरची बाजू झिजते. मग जॉ कलतो आणि पातळ पत्रा वरून निसटतो.

आधी सगळं धुवून पुसून कोरडं जोडा, कारण अर्धी तिरकाई नुसत्या मळाची असते. मग पुढच्या जॉचा माथा हाताने पुढे-मागे हलवा आणि फिलर गेजने स्लाइडच्या वरची फट मोजा. फट किती चालते याला एकच आकडा नाही, पकडून बघा. कागदाच्या चार पट्ट्या कापा, दोन जॉच्या डाव्या-उजव्या टोकाला वरच्या कडेशी आणि दोन खालच्या कडेशी, व्हाइस मध्यम घट्ट करा आणि एकेक ओढा. वरच्या दोन्ही घट्ट आणि खालच्या जरा सैल, तर उत्तम, असाच हवा. वरच्या सुळकन निघाल्या तर काम आहे. डावी घट्ट आणि उजवी सैल असेल तर तो प्लेटचा किंवा तिच्या मागच्या बैठकीचा दोष, स्लाइडचा नव्हे.

फट जास्त असेल तर बोगद्याच्या तळाला तोंडाशी आणि छताला आतल्या टोकाशी पितळी शिम पट्टी बसवता येते. पट्टीचं टोक बाहेरच्या कडेवर काटकोनात वाकवून छोट्या पेचाने धरा, नुसती चिकटवलेली पट्टी थोड्याच दिवसांत गोळा होऊन बाहेर येते. जाडी मोजलेल्या फटीपेक्षा थोडी कमीच ठेवा आणि स्लाइड पूर्ण आत-बाहेर फिरवून बघा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, मध्ये मोकळी चालणारी स्लाइड टोकाला अडकू शकते.

७. जॉ प्लेट

प्लेट काढल्यावर मागची बैठक तपासा. तिथे एखादा चुऱ्याचा कण किंवा रंगाचा थेंब राहिला तरी प्लेट तिरकी बसते, आणि कडक प्लेट पोकळीवर टेकलेली असेल तर दाबाखाली तडकते. बैठक मऊ कानशीने फक्त उंचवटे जातील इतकीच घासा.

नवीन प्लेट विकत घेताना तीन मापं न्या: लांबी-उंची-जाडी, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि पेचाचा आटा. नुसतं "चार इंची व्हाइसची द्या" म्हणालात तर भोकं जुळतीलच असं नाही.

घरी करायच्या तर साध्या माइल्ड स्टीलच्या पट्टीच्याच करा, त्या कडक होत नाहीत पण घरकामाला वर्षानुवर्षं पुरतात. भोकं मापाने आखण्यापेक्षा दोन पेचांची डोकी कापून टोकं अणकुचीदार करा, ते बॉडीत उलटे बसवा, टोक जरासं बाहेर ठेवा आणि प्लेट जागेवर धरून हातोडी मारा, खुणा नेमक्या जागी उमटतात. काउंटरसंक इतका खोल करा की पेचाचं डोकं पृष्ठभागाच्या थोडं आतच राहील, नाहीतर प्रत्येक जॉबवर गोल डाग पडेल.

खाचा पाडायच्या की नाही? माझं मत, पाडू नका. गुळगुळीत प्लेट जॉब खराब करत नाही आणि सरळ असेल तर पकड भरपूर देते. पितळ, अॅल्युमिनियम किंवा आटे पाडलेला रॉड पकडायचा असेल तर अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जॉवर टोपीसारखे ठेवा, हेच सॉफ्ट जॉ.

८. जमली तर एक सुधारणा

हँडल जड फिरतं कारण स्पिंडलचा खांदा पुढच्या जॉवर लोखंडावर लोखंड घासत असतो. तिथे थ्रस्ट बेअरिंग (दांड्याच्या दिशेने येणारा दाब पेलणारं बेअरिंग) टाकलं तर त्याच हाताच्या जोरात पकड चांगलीच वाढते. सापळा असा की २० मिलिमीटर शाफ्टचं नेहमीचं ५११०४ बेअरिंग १० मिलिमीटर जाड असतं. तेवढा स्पिंडल बाहेर सरकतो आणि आतली स्प्लिट पिन किंवा कॉलर जागेवर बसतच नाही, मग जॉला लेथवर खोबण करावी लागते. त्यापेक्षा नीडल थ्रस्ट बेअरिंग (गोळ्यांऐवजी बारीक सुयांसारखे रोलर असलेलं) बघा, एएक्सके २०३५ हे २ मिलिमीटर आणि दोन बाजूंचे १-१ मिलिमीटरचे कडक वॉशर, म्हणजे एकूण ४ मिलिमीटर. तेवढी जागा बऱ्याचदा आतला वॉशर पातळ करून निघते. साधे वॉशर लावू नका, सुया त्यात खड्डे पाडतात. आणि बाहेरून चुरा आत जाणार नाही असं काहीतरी झाकण हवंच. एवढी कटकट नको असेल तर एक पितळी वॉशर आणि ग्रीस, तेही चांगलं चालतं.

हँडल वाकलं असेल तर सरळ करा किंवा त्याच जाडीचा साधा रॉड टाका. जास्त जाड किंवा कडक रॉड टाकू नका आणि पाइप घालून लांबी तर अजिबात वाढवू नका. जोर जास्त झाला तर आधी हँडल वाकावं आणि बॉडी वाचावी, यातच शहाणपण आहे.

९. आता रंग

आता उघडा तो डबा. थिनरने तेलकटपणा काढा, रेड ऑक्साइड किंवा तत्सम प्रायमर, मग एनॅमलचे दोन पातळ हात. स्लाइड, बोगद्याची आतली बाजू, आटे, प्लेटची बैठक आणि स्विव्हल (फिरणारा) बेस जिथे वरच्या भागाला टेकतो ते गोल पृष्ठभाग, एवढं सगळं मास्किंग टेपने झाका. शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात की बेस कितीही आवळला तरी फिरतो. तिथे रंग नको, ग्रीस नको, तेलही नको.

हाताला कोरडा लागला तरी एनॅमल आतून मऊ असतो, आठवडाभर तसाच ठेवा.

जोडताना स्पिंडलच्या आट्यांना आणि नटला ग्रीस, स्लाइडला तेलाचा हात फिरवून जास्तीचं पुसून टाका, चिकट स्लाइड चुरा गोळा करते.

१०. टेबलावर बसवणे

मागचा, म्हणजे न हलणारा जॉ टेबलाच्या कडेच्या थोडा बाहेर आला पाहिजे. तसं केलं तरच लांब पट्टी उभी पकडून खाली जमिनीपर्यंत सोडता येते, नाहीतर ती टेबलाच्या कडेला अडते. उंचीचं साधं माप, सरळ उभे राहून हात कोपरात वाकवा, जॉचा माथा कोपराच्या उंचीला. कानस चालवताना हात आडवा राहतो आणि खांदे दुखत नाहीत.

जागा शक्यतो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर. लाकडी स्क्रू चालणार नाहीत, आरपार बोल्ट हवेत, बेसच्या भोकात बसतील तितके जाड, बहुधा एम १० किंवा एम १२, आणि खालून मोठे वॉशर किंवा सरळ एक लोखंडी पट्टी. टेबल वाकडं असेल तर बेसखाली जिथे पोकळी आहे तिथे पॅकिंग द्या, तसेच बोल्ट आवळले तर बिडाचा कान तुटतो. लाकूड दबतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काम करून झाल्यावर बोल्ट परत एकदा आवळा.

आणि ठोकायचं काम असेल तर स्लाइडवर ठोकू नका. मागे ऐरणीसारखा सपाट भाग असेल तर हलकं ठोकणं तिथे, आणि जॉबवर जोराचे घाव घालायचे असतील तर ते न हलणाऱ्या जॉच्या दिशेने.